विकर पाकिटात नसते: बुरशी फोडणाऱ्या जिवाणूंबद्दल वाचकांचे प्रश्न

मर, मूळकूज, मानकूज हे जमिनीतून येणारे बुरशीजन्य रोग. बॅसिलस, स्युडोमोनास, स्ट्रेप्टोमायसिस असे मातीतलेच काही जिवाणू बुरशीची पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, तयार करतात आणि त्या जोरावर या रोगांना आवर घालतात. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

हरभऱ्यात दोन वर्षे मर आहे. दुकानातून बॅसिलसचे लिक्विड आणले. सांगितल्याप्रमाणे २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ घालून ७ दिवस ठेवले आणि सोडले. काहीच फरक नाही. जिवाणू मेलेले होते का? (उदगीर, जि. लातूर)

मेलेले नसावेत. बहुधा गूळ खाऊन सुस्तावलेले होते.

बुरशीच्या पेशीभोवती जी भिंत असते तिचा सांगाडा कायटीनचा आणि त्यावरचा गिलावा मुख्यतः ग्लुकॅनचा. कायटीन म्हणजे कोळंबीच्या टरफलात असते तेच. एका नायट्रोजनयुक्त साखरेची लांबच लांब साखळी. ती तोडणारे विकर कायटिनेज, आणि ग्लुकॅन तोडणारे ग्लुकॅनेज. विकर हे प्रथिन आहे आणि प्रथिन बनवणे जिवाणूला महाग पडते. त्यामुळे तो कायटिनेज सहसा मागणी असेल तेव्हाच बनवतो. आसपास कायटीनचे तुकडे जाणवले पाहिजेत आणि त्याच वेळी सोपी साखर हाताशी नसली पाहिजे. ताटात शिरा असताना कोणी नारळ सोलत बसत नाही. २०० लिटरला २ किलो गूळ म्हणजे १ टक्का द्रावण. एवढ्या साखरेत कायटिनेजचे उत्पादन जवळपास बंद होते. तुम्ही जिवाणूंची संख्या वाढवली, विकर नाही.

दुसरी अडचण सात दिवसांची. गुळात आणि विहिरीच्या पाण्यात यीस्ट व इतर जिवाणू असतातच. उघड्या बॅरलमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांचे राज्य सुरू होते. द्रावणाला आंबूस किंवा ताडीसारखा वास आला असेल, तर पाकिटातला जिवाणू अल्पमतात गेला असे समजा.

तिसरी शंका रोगाबद्दलच. हरभरा वाळला की सगळेच त्याला मर म्हणतात, पण त्यात तीन वेगळे रोग मिसळतात. झाड उपटून मुळापासून खोडापर्यंत पात्याने उभे चिरा. बाहेरून मूळ चांगले, पण आतल्या नळ्यांची तपकिरी-काळपट रेघ वर चढलेली दिसली, तर ती फ्युजेरियमची मर. सोटमूळ काळपट, ठिसूळ, उपटताना मोडणारे आणि बारीक मुळ्या झडलेल्या असतील, तर कोरडी मूळकूज; ही फुले-घाटे लागताना, पारा तिशीच्या वर गेला आणि ओल कमी पडली की दिसते. पेरणीनंतर महिनाभरातच रोप जमिनीलगत कुजले, तिथे पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले, तर ती मानकूज. तिघी खऱ्या बुरशी आहेत, तिघींच्या भिंतीत कायटीन आहे. पण जिवाणूचा उपयोग मरीत जास्त होतो, मानकुजीत कमी. कारण पुढे आले आहे.

पुढच्या हंगामासाठी असे करा. विजय, दिग्विजय किंवा जाकी ९२१८ यांसारखा मरीला दाद न देणारा वाण घ्या. हे आधी सांगतो, कारण फ्युजेरियमचे जाड भिंतीचे बीजाणू हरभरा नसला तरी जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकतात आणि संवेदनशील वाणाला कोणताही जिवाणू एकटा वाचवू शकत नाही. पेरणीआधी १२ ते १५ दिवस १०० किलो पूर्ण कुजलेले शेणखत सावलीत पसरा. त्यात २ किलो कोळंबीच्या टरफलाची भुकटी आणि १ ते २ किलो जिवाणूंची टाल्कमधली भुकटी मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतपत ओल ठेवा, ओल्या गोणपाटाने झाका आणि दर तिसऱ्या दिवशी खालीवर करा. पहिले काही दिवस अमोनियाचा उग्र वास येईल. तो पूर्ण गेला की खत तयार. हे एका एकराला पेरणीच्या ओळीत पडले पाहिजे. फोकून दिले तर मुळाजवळ पोचणारा हिस्सा नगण्य.

बियाण्याला १० ग्रॅम भुकटी प्रतिकिलो चोळा. पाणी जपून वापरा. १० किलो बियाण्याला भाताची पातळ पेज १५० ते २०० मिली पुरते. हरभऱ्याचे साल जास्त ओलीने सुटते आणि उगवण घटते. दोष मग जिवाणूवर येतो.

आमच्याकडे कोळंबीची डोकी-टरफले फुकट मिळतात. भुकटी कशी करावी, किती टाकावी? खेकड्याची, तिसऱ्यांची टरफले चालतील का? (रत्नागिरी)

तिसऱ्या आणि शिंपले नकोत. त्यांची टरफले जवळजवळ पूर्ण चुना असतात, कायटीन नाममात्र. हा घोटाळा फार होतो. खेकड्याची पाठ चालते, पण त्यात चुना जास्त आणि ती दळायला चिवट. कोळंबीचे वाळलेले टरफल सर्वांत सोयीचे. वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा ते जेमतेम तिसरा हिस्सा कायटीन, बाकी चुना आणि प्रथिन. माकूल साफ करताना पाठीतून जी पारदर्शक, पिसासारखी पट्टी निघते तीही फेकू नका. तिच्यात चुना जवळजवळ नसतो आणि तिचे कायटीन सैल विणीचे असल्याने जिवाणूंना ते लवकर फोडता येते.

टरफले गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. खारवलेल्या मालाची असतील तर रात्रभर भिजवून पाणी बदला. नाहीतर मीठ वाफ्यात जाईल. डोक्यातले मांस शक्य तितके काढा, कारण माश्या आणि अळ्या मांसावर येतात, टरफलावर नाही. कडक उन्हात तीन-चार दिवस, हातात चुरा होईपर्यंत वाळवा. पल्व्हरायझरमधून काढून रव्याइतके बारीक करा. पिठाच्या गिरणीवाल्याला गळ घालू नका. पुढचे आठ दिवस त्याच्याकडे कोणी दळण टाकणार नाही. अगदी पिठूळ केले तर जिवाणू ते झपाट्याने संपवतात आणि अमोनिया एकदम सुटतो. फार जाड ठेवले तर एका हंगामात फुटतच नाही.

रोपवाटिकेसाठी १ किलो मिश्रणाला ५ ग्रॅम भुकटी, आणि बी टाकण्याआधी तीन आठवडे. १० ग्रॅमच्या वर जाऊ नका. कायटीनमध्ये वजनाच्या जवळपास ७ टक्के नायट्रोजन असतो, शिवाय प्रथिनातला वेगळा. तो अमोनियाच्या रूपात सुटताना कोवळी मुळे भाजतात. रोपांची टोके करपली, मुळ्या तपकिरी आणि आखूड झाल्या, तर रोग समजून औषध मारण्याआधी मिश्रणाचा वास घ्या.

सबंध शेताला याच प्रमाणात द्यायचा विचार असेल तर हिशेब पाहा. एका एकराच्या वरच्या १५ सेंमी मातीचे वजन साडेआठ-नऊ लाख किलो भरते. किलोला ५ ग्रॅम म्हणजे चार टनांहून जास्त भुकटी. म्हणून शेतात ती शेणखतात मुरवून ओळीत द्यायची. वाफ्यात आणि कुंडीत थेट.

टरफलातला चुना कोकणच्या आम्ल जांभ्या जमिनीत फायद्याचा आहे. हीच भुकटी मराठवाड्यातल्या चुनखडीच्या जमिनीत सढळ हाताने वापरली तर लोहाची कमतरता वाढून पाने पिवळी पडू शकतात. आणि वाफ्याला जाळी लावा. वासाने कुत्री, उंदीर वाफे उकरतात.

हळदीला कंदकूज लागते. आम्ही माळकरी आहोत, कोळंबीची भुकटी वापरणार नाही. दुसरा काही पर्याय? (वसमत, जि. हिंगोली)
आल्याच्या कंदकुजीवर कायटीन खाणारे जिवाणू सांगितले, पण उपयोग झाला नाही. (कोरेगाव, जि. सातारा)

वसमतच्या वाचकांना कोळंबीची गरजच नाही, कारण वेगळेच आहे.

हळद-आल्याची ओली कंदकूज मुख्यतः पिथियममुळे होते. ती दिसते बुरशीसारखी, तिला बुरशीच म्हणतात, औषधेही बुरशीनाशकांच्या फळीवरच असतात. पण पिथियम, फायटोप्थोरा आणि केवडा रोग करणारे जीव हे खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. नात्याने ते शेवाळाच्या जवळचे. त्यांच्या पेशीभित्तिकेत ग्लुकॅन आणि थोडे सेल्युलोज असते, कायटीन नसते किंवा नावापुरते. कायटिनेजला तिथे कापायला काही नाही. कितीही दमदार कायटीनखाऊ जिवाणू सोडला तरी चुकीच्या कुलपाला किल्ली लावल्यासारखे होते. द्राक्ष बागायतदारांनीही हे ध्यानात ठेवावे: भुरी खरी बुरशी आहे, डाऊनी (केवडा) नाही.

म्हणून कंदकुजीसाठी जिवाणू निवडताना कायटिनेजची जाहिरात बाजूला ठेवा. बीटा-१,३-ग्लुकॅनेज आणि त्याबरोबर प्रतिजैविके बनवणारे स्युडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस घ्या. बेणे लावण्याआधी १० ग्रॅम भुकटी प्रतिलिटर पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत सुकवा. बेण्याला मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची प्रक्रिया (३ ग्रॅम प्रतिलिटर, ३० मिनिटे) करणार असाल तर ती आधी, बेणे पूर्ण सुकवून, आणि जिवाणूची निदान दोन दिवसांनी. लागवडीवेळी एकरी १ ते २ किलो भुकटी शेणखतातून द्या, पुन्हा पावसाळ्याच्या तोंडाला आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळाशी ओता.

पण या रोगात पाण्याचा निचरा हेच पहिले औषध. पिथियमचे शेपटीवाले बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. गादीवाफ्यात दोन दिवस पाणी तुंबले तर त्यांची वाट मोकळी झाली. वाफा किमान ३० सेंमी उंच, सऱ्यांना उतार, आणि ठिबकने पाणी देताना वाफसा मोडू द्यायचा नाही. हे नसेल तर जिवाणूवर पैसे घालू नका.

एक तपासणी मात्र आधी करा. पिवळ्या पडलेल्या आल्याचे खोड बुडाशी तिरपे कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. तिथे बुरशी फोडणारी विकरेही कामाची नाहीत आणि बुरशीनाशकेही.

माळकरी घरांना इतर पिकांतल्या खऱ्या बुरशीसाठी कायटीन हवे असेल, तर धिंगरी अळिंबीचे कापलेले देठ आणि वापरून झालेल्या पिशव्यांतला भुसा शेणखतात कुजवावा. त्यातले कायटीन कोळंबीच्या मानाने फारच कमी, म्हणून २ किलोच्या जागी २० ते २५ किलो घ्या. उलट अळिंबीचे उत्पादन घेणाऱ्यांनी असले जिवाणू शेडच्या आसपासही आणू नयेत. धिंगरी हीदेखील बुरशीच. जिवाणूला रोग आणि पीक यांतला फरक कळत नाही.

मातीतून वेगळ्या केलेल्या बॅसिलसभोवती कोलॉइडल कायटीनच्या प्लेटवर मोठे पारदर्शक वलय येते. फ्युजेरियमशी समोरासमोर ठेवल्यावरही छान अंतर राहते. कुंडीत मात्र काही नाही. कुठे चुकते? (कृषी जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, पुणे)

प्लेटवरच्या कायटीनला आम्लात फुगवून मऊ केलेले असते. नेहमीच्या कृतीत १० ग्रॅम कायटीन सुमारे १८० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ४ अंशांवर रात्रभर विरघळवतात, मग बर्फगार ५० टक्के अल्कोहोलमध्ये ओतून साका धरतात आणि सामू ७ होईपर्यंत धुतात. असा लगदा कोणताही मध्यम ताकदीचा कायटिनेज फस्त करतो. जिवंत बुरशीत तेच कायटीन ग्लुकॅन आणि प्रथिनाच्या थराखाली दडलेले असते. उघडे पडते ते फक्त तंतूच्या वाढत्या टोकाशी, जिथे भिंत अजून ओली आहे. म्हणून एकट्या कायटिनेजपेक्षा ग्लुकॅनेज आणि प्रोटिएज (प्रथिन तोडणारे विकर) सोबत असणारा जिवाणू भारी पडतो. वलयाच्या व्यासावरून शंभरातले दहा जिवाणू निवडायला हरकत नाही, त्यांतला पहिला क्रमांक ठरवायला आहे.

दुसरे, समोरासमोरच्या चाचणीत लांबून राखलेले अंतर बहुतेक वेळा विकराचे नसतेच. मोठा प्रथिन-रेणू अगारमध्ये फार दूर सरकत नाही. बॅसिलस इट्युरिन, फेंजायसिन यांसारखी लहान लिपोपेप्टाइड्स (मेद जोडलेल्या छोट्या प्रथिनसाखळ्या) सोडतो आणि ती लांब जातात. खात्री करून घ्या. माध्यमात जिवाणू वाढवून द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, दोन भाग करा, एक १०० अंशांवर २० मिनिटे उकळवा. दोन्ही बुरशीवर तपासा. उकळलेला भागही तितकाच मारक असेल, तर काम विकराचे नाही. विकर उष्णतेने मरते, लिपोपेप्टाइड टिकते. आणखी पक्के हवे तर अमोनियम सल्फेटने ७० ते ८० टक्के संपृक्ततेला प्रथिने खाली बसवा आणि डायलिसिस करा. लहान रेणू वाहून जातील. उरलेल्यात बुरशी मारण्याची ताकद असेल तर ती बहुधा विकराची.

विकर डीएनएस पद्धतीने मोजताना एक खड्डा आहे. डीएनएस कोणत्याही क्षपणक साखरेला रंग देते. माध्यमात ग्लुकोज किंवा मोलॅसिस उरले असेल तर ५४० नॅनोमीटरवरचा आकडा फुगतो आणि कायटिनेज भरपूर असल्यासारखे वाटते. प्रत्येक नमुन्यासोबत उकळलेल्या विकराचा कोरा नमुना ठेवा, किंवा डीएमएबी पद्धत वापरा; ती एन-असिटिल ग्लुकोसामाईनपुरतीच रंग देते. ती साखळीच्या टोकाची सुटी साखर पाहते, हे मात्र विसरू नका.

आता कुंडी. तिथे पहिला प्रश्न विकराचा नसून जिवाणू मुळावर टिकला का, हा असतो. रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे रूप तयार करून ते वापरा आणि लागवडीनंतर १५ आणि ३० दिवसांनी मुळाला चिकटलेल्या मातीत मोजा. सोबत तोच नमुना ८० अंशांवर १० मिनिटे ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर तुमचा बॅसिलस बीजाणू होऊन झोपला आहे, आणि झोपलेला जिवाणू विकर सोडत नाही. कुंडीची माती ऑटोक्लेव्ह केलेली होती का, हेही तुम्ही कळवलेले नाही. निर्जंतुक मातीत फ्युजेरियमलाही कोणी अडवत नाही, तो मोकाट सुटतो. तिथला निष्कर्ष शेताला लागू करता येत नाही.

दुकानात “शुद्ध एन्झाइम” म्हणून बाटली मिळते. जिवाणू नसलेले, नुसते विकर. ते सरळ सोडावे का? (अकोला)

जमिनीतून देऊ नका. काळ्या मातीतली चिकणमाती प्रथिनाला घट्ट धरते, आणि धरलेले विकर बरेचसे निकामी होते. उरलेले मातीतले प्रोटिएज खाऊन टाकतात. विकर बुरशीच्या अंगाशी, गरजेच्या वेळी आणि पुन्हा पुन्हा बनले पाहिजे. त्यासाठी जिवंत जिवाणूच हवा. पानावर मारून भुरीसारख्या वरवरच्या रोगात थोडा परिणाम दिसू शकेल, पण उन्हात तो किती टिकेल हा प्रश्न राहतोच.

भुईमुगाची मानकूज, ते मोहरीसारखे दाणे, जिवाणूला का दाद देत नाहीत? (एकत्रित प्रश्न)

त्या दाण्यांना स्क्लेरोशिया म्हणतात. त्यांच्या तपकिरी सालीत मेलॅनिन असते. आपल्या केसांना आणि त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातीचे हे द्रव्य कायटिनेज-ग्लुकॅनेजला आत शिरू देत नाही. कोरड्या मूळकुजीच्या बारीक काळ्या कणांचेही तेच. म्हणून जिवाणूचा मारा रुजलेल्या पांढऱ्या तंतूवर बसतो, झोपलेल्या दाण्यावर नाही.

एक फट मात्र आहे. उन्हाळ्यात नांगरून हे दाणे खडखडीत वाळले आणि नंतर ओल मिळाली, की त्यांच्यातून साखर व अमिनो आम्ले झिरपतात. त्या वासावर मातीतले सूक्ष्मजीव तुटून पडतात आणि बरेच दाणे कुजतात. एप्रिल-मे मध्ये खोल नांगरट, तीन-चार आठवडे ऊन, आणि मग वळवाचा पाऊस किंवा हलके पाणी. त्याच ओलीत शेणखतात मुरवलेले जिवाणू द्या. खोल गाडले गेलेले दाणे रुजलेच तरी खोडापर्यंत पोचत नाहीत. पेरणीवेळी पुन्हा खोल नांगरून ते वर आणू नका, एवढेच.

डाळिंबाच्या मर रोगात झाड पिवळे पडू लागल्यावर जिवाणूंची आळवणी केली तर झाड वाचते का? (सांगोला, जि. सोलापूर)

नाही. सेराटोसिस्टिस ही बुरशी तोवर लाकडाच्या आत पसरलेली असते. मातीतले विकर तिथे पोचत नाही. शेजारच्या निरोगी झाडांसाठी आळवणी करा. सूत्रकृमींच्या जखमांतून ही बुरशी आत शिरते, आणि सूत्रकृमीच्या अंड्याच्या कवचातही कायटीनचा थर असतो. कायटीन फोडणाऱ्या जिवाणूंचा डाळिंबात खरा उपयोग इथे, अंड्यांवर आहे.

शेताच्या मातीतून लालभडक वाढणारा जिवाणू मिळाला. तो बुरशी झपाट्याने खातो. घरी वाढवून वापरू का? (जळगाव)

वाढवू नका. लाल रंगावरून तो सेराशिया मार्सेसेन्स असण्याची शक्यता मोठी आहे. कायटिनेजच्या अभ्यासात हा जिवाणू फार नावाजलेला आहे, त्याची तीन-तीन कायटिनेज प्रयोगशाळांत बारकाईने तपासलेली आहेत. पण तोच जिवाणू रुग्णालयांत रक्ताचा, लघवीच्या मार्गाचा आणि जखमांचा संसर्ग घडवतो. फवारणीच्या तुषारांतून घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसाला तो गाठू शकतो. बर्कहोल्डेरिया सेपेशिया या जिवाणूचीही हीच गत: बुरशीवर उत्तम, पण फुप्फुसाच्या रुग्णांना घातक, म्हणून अमेरिकेत तो पीकसंरक्षणातून मागे घ्यावा लागला. मातीतला आहे म्हणून निरुपद्रवी, असे धरून चालू नका. प्लेट ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात बुडवून नष्ट करा.

कोणत्या औषधासोबत चालते, कोणत्या नाही? ट्रायकोडर्मा एकत्र देता येईल का? (अनेक पत्रे)

ताम्रयुक्त औषधे, बोर्डो आणि स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणूला मारतात. मध्ये १० ते १५ दिवस सोडा. स्ट्रेप्टोसायक्लिनमधले स्ट्रेप्टोमायसिन मुळात १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूतूनच मिळाले होते, तरी ते इतर जिवाणूंना सोडत नाही. कार्बेन्डाझिमची गोष्ट उलटी. ते बुरशीचे पेशीविभाजन अडवते, जिवाणूला सहसा धक्का लावत नाही. रोगबुरशीवर जगणाऱ्या ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीला मात्र मारते. त्यामुळे कार्बेन्डाझिमची बीजप्रक्रिया करावीच लागली तर नंतर जिवाणू वापरा, ट्रायकोडर्मा नको. क्रम नेहमीचाच: बुरशीनाशक, कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि इतर जिवाणू.

नळाचे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेले पाणी असेल तर उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून वापरा.

ट्रायकोडर्मा स्वतः बुरशी आहे, त्याच्याही भिंतीत कायटीन आहे. एकाच बॅरलमध्ये दोघांना वाढवले तर जिवाणू वेगाने वाढून त्याला दाबतात. शेतात दोन्ही द्यायचे तर ८ ते १० दिवसांच्या अंतराने, वेगवेगळ्या शेणखतातून द्या. पाकीट घेताना स्युडोमोनाससाठी ग्रॅमला किमान १ × १०^८ सीएफयू (वाढू शकणारे जिवंत जिवाणू) छापलेले आहेत का आणि अंतिम तारीख काय आहे ते पाहा. उन्हात ठेवलेल्या खोक्यातले पाकीट घेऊ नका. स्युडोमोनास बीजाणू करत नाही, उष्णतेत आधी तोच मरतो. बॅसिलस तग धरतो.

फरक पडला की नाही हे कसे ओळखावे? (परभणी)

चार ओळी जिवाणूशिवाय ठेवा, त्यांना बाकी सगळे सारखेच द्या. बांधालगतच्या ओळी नकोत, तिथे ओल आणि सावली वेगळी असते. दोन्हीकडे २० फूट लांबीच्या पाच-पाच जागी खुंट्या ठोका. पेरणीनंतर २०, ४०, ६० आणि ८० दिवसांनी त्या जागांतली मेलेली झाडे मोजा आणि प्रत्येक झाड चिरून रोग लिहून ठेवा. मेलेले झाड मोजल्यावर उपटून जाळा, नाहीतर पुढच्या मोजणीत तेच पुन्हा येते.